न्यूज पोर्टलची परदेशातून आलेली देणगी बँकेत अडकते? माझा अनुभव

गडहिंग्लज भागातल्या गावांसाठी आम्ही कलम 8 कंपनीखाली (म्हणजे ना-नफा कंपनी) व्हिडिओ बातम्यांचं पोर्टल चालवतो. दुबईतल्या गाववाल्यांनी पाठवलेली देणगी बँक अडवून धरायची आणि एफसीआरए (परदेशी देणग्यांवरचा कायदा) खालची नोंदणी मागायची. शाखेत अर्ज दिले, दुसरीकडे खातं काढलं, सीएही बदलला. डोकं पिकलं. ती नोंदणी मिळणारच नव्हती: एफसीआरए 2010 च्या कलम 3 नुसार ऑडिओ-व्हिडिओ बातम्या करणाऱ्या कंपनीला परदेशी निधी घेताच येत नाही.

पण अनिवासी भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून, नेहमीच्या बँकमार्गाने दिलेले पैसे परदेशी निधीत मोडत नाहीत. म्हणून आधी पेमेंट गेटवेमधली आंतरराष्ट्रीय कार्डं बंद केली. मग देणगीच्या फॉर्मवर, रकमेच्याही आधी, 'पासपोर्ट कोणत्या देशाचा?' हा रकाना टाकला. भारतीय निवडलं तरच पुढचं पान उघडतं. तिथे पॅन, पासपोर्टची प्रत आणि 'रक्कम माझ्या बचतीतली' असं सहीचं पत्र. हे सगळं बँकेला मेल केल्यावरच एनआरई किंवा एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या) खात्यातून पैसे मागवायचे. आधी पैसे, मग कागद केलं की पुन्हा अडकतं.

ओसीआय कार्डवाल्या, म्हणजे भारतीय वंशाच्या पण परदेशी नागरिक असलेल्या काकांना मात्र, आपल्याच गल्लीतले असले तरी, नाहीच म्हणावं लागतं.