घरचे दही, चक्का आणि जर्मन क्वार्क

उत्तम चक्क्यासाठी आधी दही चांगले लागले पाहिजे. म्हशीचे एक लिटर दूध उकळून, बोट सोसेल इतके, म्हणजे ४० ते ४५ अंशांपर्यंत निववावे. त्यात चमचाभर ताजे विरजण नीट मिसळून भांडे झाकून ठेवावे. उन्हाळ्यात पाच-सहा तासांत दही लागते, थंडीत मात्र रात्रभर थांबावे लागते.

हे दही मलमलच्या फडक्यात बांधून चार ते सहा तास टांगावे, आणि हवा उष्ण असल्यास ते फ्रीजमध्ये चाळणीवर निथळू द्यावे, अन्यथा चक्का आंबतो. खाली जमणारे पाणी कृपया ओतून देऊ नये. दह्यातील बराचसा कॅल्शियम त्यात उतरतो, म्हणून त्यात कणीक भिजवावी.

जर्मनीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना चक्क्याऐवजी क्वार्क, म्हणजे तिकडचे मऊ, ताजे चीज, वापरता येतो. तो साधारण खोलीच्या तापमानाला वाढणाऱ्या जिवाणूंनी, बहुधा थोडे रेनेट (दूध साकळवणारे विकर) घालून, तयार करतात. कमी चरबीच्या क्वार्कमध्ये १०० ग्रॅममागे सुमारे १२ ग्रॅम प्रथिने असतात, तर साध्या दह्यात साडेतीनच्या आसपास. श्रीखंडासाठी मात्र स्निग्ध क्वार्कच घ्यावा आणि तोही तासभर निथळावा. कमी चरबीचा क्वार्क कोरडा लागतो, पण काकडीच्या कोशिंबिरीत तो फार छान मिसळतो.

कढी उकळताना दह्यातील जिवंत जिवाणू मरतात, प्रथिने व कॅल्शियम टिकतात. त्यामुळे जेवणात वाटीभर दही न तापवता खावे.