मेळाव्याला गाडीने जाताना गळा सांभाळा, गाण्याची पट्टी उतरवा

पुण्याहून अहिल्यानगरला ख्रिस्ती महिला मेळाव्यासाठी निघालात, तर साधारण १२० किलोमीटरचा रस्ता. पोचल्यावर साक्षही द्यायची, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगायचं, आणि गायचंही. त्यामुळे गाडीतच सगळी पदं म्हणून गळा दमवू नका. एसीचा झोत तोंडावर नको, कोमट पाणी हाताशी असू द्या. बाजाची पेटी तापलेल्या डिकीत न ठेवता चादरीत गुंडाळून मागच्या सीटवर ठेवा.

पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, मात्र नीट विचार करून धरा. तुम्हाला सहज जमणारी काळी चार (पेटीवरचा चौथा काळा सूर) मागच्या रांगेतल्या आजींना अंतऱ्यात झेपत नाही. त्या मध्येच गप्प झाल्या की जीव तुटतो माझा. दोनेक स्वर खाली उतरा, ध्रुवपद दोनदा घ्या. पुस्तक नसलेल्या बायकाही दुसऱ्या वेळी सूर उचलतात.