ट्रान्सफॉर्मेशन म्हणजे नेमकं काय? प्रयोगशाळेत पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

एमएस्सीच्या पहिल्या वर्षी मी वहीत ‘ट्रान्सफॉर्मेशन = रूपांतरण’ एवढंच लिहिलं होतं. मग कर्करोगावरचा एक शोधनिबंध वाचायला घेतला आणि अडले. तिथे या शब्दाचा अर्थ होता, निरोगी पेशी कर्करोगी होणं. हा घोळ टाळायला प्राण्यांच्या पेशीत डीएनए घालण्याला ‘ट्रान्सफेक्शन’ म्हणतात. जिवाणूनं बाहेरचा मोकळा डीएनए आत घेतला, की ते आपलं ट्रान्सफॉर्मेशन. वनस्पतींसाठीही हाच शब्द चालतो.

नावामागची गोष्ट कळली की शब्द विसरत नाही. १९२८ साली फ्रेडरिक ग्रिफिथनं न्यूमोनियाचे उष्णतेनं मारलेले घातक जिवाणू आणि जिवंत निरुपद्रवी जिवाणू एकत्र करून उंदरांना टोचले. उंदीर मेले. निरुपद्रवी जिवाणूंचं रूपच पालटलं होतं! ते पालटणारं द्रव्य डीएनए आहे, हे १९४४ मध्ये एव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी यांनी दाखवलं.

प्रयोगशाळेत नेहमी वापरला जाणारा ई. कोलाय हा जिवाणू मात्र सहजासहजी डीएनए घेत नाही. त्याला थंड कॅल्शियम क्लोराइडमध्ये ठेवून ‘कॉम्पिटंट’, म्हणजे डीएनए घेण्याजोगं, करावं लागतं. मग बर्फात प्लाझ्मिड (अँटिबायोटिकला प्रतिकार करणारं जनुक असलेला डीएनएचा छोटा गोल तुकडा) मिसळायचं, ४२ अंशांवर साधारण पाऊण मिनिट हीट शॉक द्यायचा, परत बर्फात. त्यानंतर ३७ अंशांवर तासभर अँटिबायोटिकशिवाय वाढू द्यायचं. ही पायरी घाईत गाळू नका. प्रतिकाराचं प्रथिन तयार व्हायला पेशीला तेवढा वेळ हवा असतो. मग पेशी अँटिबायोटिक असलेल्या प्लेटवर पसरायच्या; प्लाझ्मिड घेतलेल्याच तिथे वाढतात.

माझी पहिली प्लेट कोरी निघाली. कॉम्पिटंट पेशींची नळी मी बर्फाबाहेर टेबलावर ठेवली होती आणि वर व्होर्टेक्सही केली होती, म्हणजे यंत्रावर जोरात घुसळली होती. या पेशी फार नाजूक असतात, बोटानं हलकेच टिचकी पुरते. पण मला खरं रडवलं ते कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीच्या प्लेट, न लावल्यानं. पेशी मेल्या की लायगेशन (कापलेल्या प्लाझ्मिडमध्ये डीएनएचा तुकडा जोडणं) फसलं, हे ठरवायलाच आठवडा गेला. न कापलेल्या प्लाझ्मिडची एक प्लेट आणि डीएनए नसलेली एक, एवढं लावलं असतं तर दुसऱ्या दिवशी सकाळीच उत्तर मिळालं असतं.

ॲम्पिसिलिन या अँटिबायोटिकच्या प्लेटवर मोठ्या वसाहतीभोवती (वसाहत म्हणजे एका पेशीपासून वाढलेला जिवाणूंचा पुंजका) बारीक ठिपके दिसले तर ते उचलू नका. मोठ्या वसाहतीतून बाहेर पडलेलं बीटा-लॅक्टमेझ हे प्रतिकाराचं प्रथिन आजूबाजूचं ॲम्पिसिलिन मोडतं, म्हणून प्लाझ्मिड नसलेल्या पेशीही तिथे वाढतात. प्लेट १६ ते १८ तासांत इनक्युबेटरमधून काढा आणि मधली मोठी, सुटी वसाहत उचला.