डिस्क प्लेअरचा आवाज तपासताय? आधी या चुका टाळा

सीडी, डीव्हीडी, एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी), ब्लू-रे सगळं वाजवणारा एकच प्लेअर घरात आला की आठवड्याभरात दोनपैकी एक वाक्य ठरलेलं असतंय, "कसला भारी आवाज ओ" नाहीतर "पैसे पाण्यात गेले बघा". गंमत अशी की बहुतेक वेळा दोन्ही वाक्यं म्हणणारा माणूस प्लेअरचा आवाज ऐकतच नसतो. तो रिसीव्हरचा, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरचा, आवाज ऐकत असतो, किंवा चुकीच्या सेटिंगचा, किंवा नुसता वाढलेला व्हॉल्यूम. ओप्पोनं २०१८ मध्ये प्लेअर बनवायचं बंद केलं, त्यामुळं चांगल्या मशीनसाठी आता बऱ्याचदा सेकंड हँडच बघावं लागतंय, आणि तिथं विकणारा जे बोलेल ते ऐकून न घेता स्वतः नीट तपासता आलं पाहिजे की नाही?

सगळ्यात आधी मागं वाकून वायर कुठली लावलीय ते बघा. ऑप्टिकल किंवा कोॲक्सियल असेल तर प्लेअर फक्त आकडे पाठवतो, त्या आकड्यांचा आवाज करायचं काम रिसीव्हरमधला डॅक करतो, एचडीएमआयचंही तेच. मग त्याला "वॉर्म" म्हणा नाहीतर "कोरडा" म्हणा, कौतुक आणि शिव्या दोन्ही रिसीव्हरच्या खात्यात. सोनीच्या यूबीपी-एक्स८०० ला तर ॲनालॉग आउटपुटच दिलेलं नाही, तरी "ह्याचा स्वतःचा टोन वेगळाच" म्हणून तासभर भांडणारे भेटतात. प्लेअरचाच आवाज ऐकायचा असेल तर लाल-पांढरी आरसीए वायर लावा आणि रिसीव्हर डायरेक्ट मोडवर ठेवा, कारण बरेच रिसीव्हर आत आलेला ॲनालॉग परत डिजिटल करून घेतात आणि मग आपण बसतो कौतुक करत.

आता सगळ्यात मोठी चूक, आणि हिच्यात भलेभले सापडतात: व्हॉल्यूम सारखा न करता दोन प्लेअरची तुलना. सीडी प्लेअरचं आउटपुट साधारण २ व्होल्ट धरलेलं असतंय पण सगळ्यांचं तंतोतंत तेवढं नसतंय, आणि ज्याचं थोडं जास्त तो प्लेअर लगेच "मोकळा", "जिवंत", "बेस भरीव" वाटायला लागतो. एवढासा फरक कानाला मोठा आवाज म्हणून कळतच नाही, चांगला आवाज म्हणूनच कळतो. नॉबच्या खुणा बघून सारखं केलं तरी उपयोग नाही, कारण फरक प्लेअरमध्ये आहे, नॉबमध्ये नाही. त्यापेक्षा इलेक्ट्रिशियनकडं असतो तो साधा मल्टीमीटर आणा, ४०० हर्ट्झचा टोन एका सीडीवर राईट करून घ्या, मीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या दोन टर्मिनलना लावा. एका प्लेअरवर १.०० व्होल्ट येत असेल तर दुसरा लावल्यावर नॉब हलवून ०.९९ ते १.०१ च्या आत आणायचं. ०.१ डीबी (डेसिबल) म्हणजे साधारण एक टक्का, तेवढं जमलं की बास. स्वस्तातले मीटर ५० हर्ट्झपासून लांब गेले की थोडं चुकीचं दाखवतात, पण मीटर तोच, टोन तोच, म्हणजे चूकही दोन्हीकडं तीच, चालतंय. फक्त मीटरच्या दोन्ही पिना एकमेकीला टेकवू नका, ॲम्प्लिफायर जाईल उडून.

लेव्हल जमली की स्वतः पाठ करून बसा आणि वायर बदलायचं काम दुसऱ्याला द्या. मेव्हण्याला दिलंत तर तो काहीच न बदलता विचारणार, "आता कसं वाटतंय ओ दाजी?" आणि दाजी म्हणणार, "हां, आता खुललं बघ." खरं सांगायचं तर ह्याच्यापेक्षा चांगली परीक्षा नाही.

एसएसीडीचा घोळ वेगळाच. हायब्रिड डिस्कमध्ये दोन थर असतात, एक साध्या सीडीचा, १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झ, आणि एक डीएसडीचा, म्हणजे एसएसीडीच्या स्वतःच्या पद्धतीचा, १ बिट पण सेकंदाला २८ लाखांवर नमुने. कुठला थर वाजायचा ते प्लेअरच्या मेनूत ठरतं, आणि कित्येकजण महिनोन्‌महिने सीडीचाच थर ऐकून "एसएसीडी म्हणजे काय विचारू नका" म्हणून सांगत असतात. डिस्प्लेवर काय लिहून येतंय ते वाचा की आधी. आणि नुसती ऑप्टिकल वायर लावून एसएसीडी घातली, टाइम पुढं सरकतोय पण आवाज नाही, तर डिस्क परत करायला पळू नका, कॉपी होईल या भीतीनं डीएसडी त्या वायरीतून सोडतच नाहीत. एचडीएमआयवर डीएसडी त्याच्या १.२ आवृत्तीपासून म्हणजे २००५ पासून आलं, त्याच्या आधीच्या मशीनला बहुतेक वेळा ॲनालॉगच वापरायचं. डीव्हीडी-ऑडिओचंही थोडं असंच, ऑप्टिकलमधून बहुतेक वेळा ४८ किलोहर्ट्झवर उतरवूनच बाहेर येतंय.

एक थर ऐकला, दुसरा ऐकला आणि ठरवलं की फॉरमॅटच भारी, असंही करू नका, कारण दोन थरांचं मास्टरिंग, म्हणजे डिस्क बनवायच्या आधी आवाजावर फिरवलेला शेवटचा हात, वेगळं असू शकतं. अमेरिकेत मेयर आणि मोरान यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत हाय-रेझोल्यूशन डिस्कचा (एसएसीडी, डीव्हीडी-ऑडिओ) आवाज मधेच सीडीच्या दर्जावर उतरवून लोकांना ओळखायला लावलं, ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर आली, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. नंतर २०१६ मध्ये रीस या संशोधकानं बऱ्याच चाचण्या एकत्र करून बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के काढलं, म्हणजे फरक आहे पण केसाएवढा. तेव्हा फॉरमॅटमुळं जमीन-अस्मानाचा फरक ऐकू येत असेल तर आधी व्हॉल्यूम आणि मास्टरिंगवर संशय घ्या.

सेटिंगमध्ये तर लोक मेनू न उघडताच मत देतात. घरात दोनच स्पीकर, पण प्लेअरच्या स्पीकर सेटअपमध्ये सेंटर (मधला स्पीकर) "लार्ज" ठेवलेला, मग मल्टिचॅनेल डिस्क लावली की ऑर्गन ऐकू येतोय, तबला ऐकू येतोय आणि गायक बाहेरच्या खोलीत बसून गातोय असं वाटतंय. गायक सेंटरला पाठवलाय आणि सेंटरला वायरच नाही. तिथं सेंटर "नन" करा, गायक परत मधे येतो. डीआरसी (मोठा-बारीक आवाज जवळ आणणारं सेटिंग) किंवा नाईट मोड चालू असेल तर डॉल्बीच्या डिस्कवर सगळं एका उंचीवर सपाट येणार, तेही बंद करा. हॉल, चर्च, स्टेडियम असले इफेक्ट तर कायमचे बंद, जुन्या मोनो रेकॉर्डिंगवर ते लावणं म्हणजे पापच.

आता ऐकायचं काय? जत्रेतल्या स्टॉलवरची एमपीथ्री भजनं किंवा व्हीसीडी लावून प्लेअरला नावं ठेवू नका, व्हीसीडीचा आवाज मुळातच २२४ केबीपीएसला दाबलेला असतो. मी तरी तानपुरा ऐकतो. गायक कुमार गंधर्व आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे, जन्म १९२४ चा, त्यांचे तानपुरे कसे लागलेले असायचे ते ऐकणाऱ्यांना माहीत आहे. चांगल्या सीडीवर आलाप सुरू व्हायच्या आधीचे काही सेकंद पुन्हा पुन्हा वाजवा, जवारी (तारेचा गुंजणारा झणकार) सुटते का, षड्जाची तार वेगळी कळते का, तिच्या मागं कुठं घरघर आहे का. तानपुरा बदलत नाही म्हणून फरक पकडायला सोपा. तान सुरू झाली की आपण गाण्यात जातो, मग तुलना कसली करताय.

घरघरीवरून आठवलं. स्पीकरमधून सतत हूं येत असेल तर आधी केबल टीव्हीची वायर काढून बघा, बऱ्याचदा ग्राउंड लूप (दोन ठिकाणच्या अर्थिंगमधून फिरणारा करंट) तिथूनच येतो. थ्री-पिनची अर्थिंगची पिन काढून हूं घालवायचा जुगाड कुणी सांगितला तर हात जोडा त्याला, जिवावरचं काम आहे ते. आणि करंट गेल्यावर इन्व्हर्टरवर आवाज तपासायचाच नाही, स्क्वेअर वेव्हचा असेल तर बझ येणारच, त्यात प्लेअर बिचारा काय करणार.

"पावसाळ्यात आवाज मंद झालाय" ही तक्रार खानापूर बाजूला नेहमीची. पण लेन्स घाण झाली तर डिजिटल आवाज हळूहळू मंद होत नाही, तो अडकतो, उडी मारतो, टकटक करतो नाहीतर डिस्कच वाचत नाही. मंद झाला असेल तर स्पीकर आणि वायरींचे गंजलेले जोड बघा. लेन्सवर मात्र ओलाव्याबरोबर उदबत्तीचा धूरही बसतो, शोकेसमध्ये वर देव आणि खाली प्लेअर अशी रचना आपल्याकडं घरोघर, तेवढा प्लेअर बाजूला सरकवा. डिस्क पुसताना मधून काठाकडं सरळ पुसायची, गोल गोल नाही, कारण ट्रॅकला आडवा गेलेला ओरखडा सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंत रुंद असला तर सीडी तो भरून काढते, ट्रॅकच्या दिशेनं लांब गेलेला नाही काढत.

आणि हे दुरुस्तीला नेताना उपयोगी पडेल: सीडीला ७८० नॅनोमीटरचा लेझर लागतो, डीव्हीडी आणि एसएसीडीला ६५० चा, ब्लू-रेला ४०५ चा. म्हणून सीडी वाजते पण डीव्हीडी आणि एसएसीडी दोन्ही घेत नाही असं झालं तर बहुतेक तो एकच लेझर दमलाय. सेकंड हँड घ्यायला जाताना प्रत्येक प्रकारची एक एक डिस्क पिशवीत टाकूनच जा, आणि मेकॅनिककडं "आवाज बिघडलाय" असं मोघम न सांगता कुठली डिस्क घेतंय, कुठली नाही तेवढं सांगा, नाहीतर तो आख्खा डेक बदलायचं बिल काढतो.