डोळ्यांत औषधाचा थेंब कसा घालावा

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर इंदूरच्या आमच्या घरी आईच्या उशाशी तीन बाटल्या आल्या, तेव्हा ती एका वेळी चार-चार थेंब घालत असे. "एक तरी आत जाईल", हा तिचा हिशोब. वास्तविक पापणीआड एक थेंबही जेमतेम मावतो आणि बाकीचे औषध गालावरून ओघळून पदराला लागते.

आधी हात साबणाने धुवावेत आणि बाटलीवरचे नाव उजेडात वाचून घ्यावे. प्रेडनिसोलोन ॲसिटेटसारखे दुधाळ औषध तळाशी बसते, म्हणून ती बाटली नीट हलवून घ्यावी. मान मागे टाकून नजर छताकडे लावावी, खालची पापणी बोटाने हलकेच खाली ओढावी आणि तिथे जी खोबण तयार होते तीत एकच थेंब सोडावा. बाटलीचे टोक पापणीला किंवा पापणीच्या केसांना लागू देऊ नये. हात थरथरत असेल तर सरळ आडवे व्हावे.

यापुढची कृती बहुतेक जण गाळतात. थेंब पडल्यावर डोळा अलगद मिटून, नाकालगतचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटे दाबून धरावा. अश्रूंची नळी तिथूनच नाकात उतरते. घशात कडू चव आली, तर औषध त्या वाटेने गेले असे समजावे. काचबिंदूसाठीचे टिमोलोल असे रक्तात मिसळले, तर नाडी मंदावू शकते आणि दमेकऱ्यांना धाप लागू शकते, त्यामुळे दमा असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे.

दुसरे औषध निदान 5 मिनिटांनी घालावे. मलम असल्यास ते सर्वांत शेवटी.

बाटली उघडल्याची तारीख तिच्यावरच लिहावी. बहुतेक बाटल्या चार आठवड्यांनी टाकून द्याव्या लागतात, मग त्यात औषध उरलेले असो. काचबिंदूवरच्याच लॅटानोप्रोस्ट या औषधाची न उघडलेली बाटली सहसा फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा 40 च्या वर जातो, तेव्हा कोणतीही बाटली गाडीच्या डिकीत विसरू नये.

डोळा लाल झाला म्हणून शेजाऱ्यांची उरलेली बाटली मागून आणणे मात्र मला अजिबात पटत नाही. तीत स्टेरॉइड असेल, तर काही जंतुसंसर्ग त्याने बळावतात आणि ते दीर्घकाळ घातल्यास डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो.