पॉलिशरसाठी बॅकिंग प्लेट आणि फोम पॅड कसे निवडावे

बॉनेटवर उन्हात दिसणाऱ्या बारीक गोल रेषा घालवायच्या, म्हणून लोक पॉलिशर घेतात, महागडे कंपाऊंड (ओरखडे घासून काढणारी पेस्ट) घेतात आणि पॅड मात्र दुकानदार देईल ते उचलतात. रंगाला टेकते ते पॅडच, आणि मशीनची सगळी ताकद मागच्या प्लेटमधून (बॅकिंग प्लेट, जिला पॅड वेल्क्रोने चिकटते) त्याच्यापर्यंत येते. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, बहुतेक गाड्यांवर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, केसापेक्षाही पातळ. एकदा घासून गेला की तो परत येत नाही. म्हणून आधी मशीन नीट ओळखा, मग प्लेट घ्या, मग पॅड, आणि कंपाऊंड अगदी शेवटी.

१. मशीन कोणत्या जातीचे आहे ते पाहा

रोटरी पॉलिशर नुसता गोल फिरतो, मिनिटाला साधारण ६०० ते ३००० फेरे. ड्युअल अॅक्शन, म्हणजे डीए, फिरता फिरता लहान वर्तुळात डोलतोही. त्या डोलण्याच्या व्यासाला थ्रो म्हणतात. ८, १५ आणि २१ मिमी हे नेहमी भेटणारे आकडे. डीएवर जोर जास्त पडला की पॅडचे फिरणे मंदावते किंवा थांबते, त्यामुळे रंग जाळण्याचा धोका कमी. घरी पहिल्यांदाच हात घालणाऱ्याने डीएच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

अँगल ग्राइंडरला पॅड लावून काम भागवायचा मोह अनेकांना होतो. तो टाळाच. लहान ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो. त्या वेगाला १०० मिमी पॅडची कड ताशी २०० किलोमीटरहून जास्त वेगाने रंगावर घासते. रंग क्षणात करपतो, आणि पॅड सुटून उडाले तर माणसालाही इजा होते.

२. आटे जुळवा

आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक रोटरी मशीनचा स्पिंडल, म्हणजे प्लेट जिच्यावर बसते ती आटे असलेली दांडी, एम १४ चा (१४ मिमी) असतो. अमेरिकेत ५/८ इंचाचे आटे चालतात, म्हणजे सुमारे १६ मिमी. तिकडून नातेवाइकांनी मशीन आणले असेल तर इथली प्लेट बसणार नाही (आणि ते १२० व्होल्टचे असेल तर थेट आपल्या प्लगमध्येही घालू नका). खात्री नसेल तर स्पिंडल व्हर्नियरने मोजा. प्लेट हाताने अलगद, सरळ फिरत बसली पाहिजे. पहिल्या दोन फेऱ्यांतच अडली तर जोर लावू नका, आटे वेगळे आहेत.

डीएची गोष्ट निराळी आहे. तिथे प्लेट बहुधा मधल्या बोल्टने बसते आणि मशीनच्या आतले वजन ठरावीक मापाच्या व ठरावीक वजनाच्या प्लेटशी तोललेले असते. प्लेट मनाने बदलली की कंप वाढतो, हाताला मुंग्या येतात, बेअरिंग लवकर जाते. म्हणून डीएसाठी त्या मॉडेलला कंपनीने सांगितलेलीच प्लेट घ्या. प्लेटखाली पातळ वॉशर असेल तर तो काढताना हरवू नका.

३. प्लेटचे माप: इथेच सर्वांत जास्त चुका होतात

पॅडचा व्यास प्लेटपेक्षा साधारण १२ ते २५ मिमीने मोठा हवा. १२५ मिमीच्या प्लेटला १४० ते १५० मिमीचे पॅड, ७५ मिमीच्या प्लेटला ९० ते १०० मिमीचे. दोन्ही एकाच मापाचे असले की पॅड जरा सरकले तरी प्लेटची कडक कड रंगाला लागते आणि तिथे खोल ओरखडा पडतो. तो पॉलिशने जात नाही. उलट प्लेट फारच लहान असेल तर पॅडची कड आधाराविना फडफडते, सगळा दाब मध्यावर येतो, तिथे उष्णता साठते आणि वेल्क्रोचा गोंद सुटतो. पॅड मधोमध फुगून फाटलेले दिसले तर आधी प्लेटचे माप तपासा.

पुष्कळ स्वस्त रोटरीसोबत १८० मिमीची प्लेट आणि तिच्यावर चढवायचे लोकरीचे टोपीसारखे कव्हर येते. ट्रकच्या मोठ्या पत्र्याला ते ठीक. हॅचबॅकच्या दारावर, हँडलभोवती, बंपरच्या वळणावर ते आवरत नाही. १२५ ची एक प्लेट वेगळी विकत घ्या. हा खर्च खरोखर उपयोगी पडतो. काचांमधले खांब, आरसे, बंपरचे कोपरे यांसाठी जमल्यास ७५ ची दुसरी.

घेताना तीन गोष्टी दुकानातच पाहा. प्लेटची कड बोटाने दाबून बघा: बाहेरचा भाग थोडा लवचीक असला तर वळणदार पत्र्यावर पॅड नीट बसते. वेल्क्रोचे आकडे (बारीक हुक) मध्यापर्यंत दाट आणि ताठ असावेत. आणि शक्य असेल तर मशीनवर लावून अगदी कमी वेगात फिरवा. डगमगणारी प्लेट घेऊ नका.

४. फोम निवडताना रंगावर जाऊ नका

पिवळे पॅड कडक की मऊ? लेक कंट्री या कंपनीच्या सपाट पॅडमध्ये पिवळे म्हणजे जोरदार कटिंग. रूपेस या दुसऱ्या कंपनीत निळे सर्वांत कडक आणि पिवळे बारीक फिनिशिंगचे. एका कंपनीच्या रंगांची सवय दुसऱ्या कंपनीच्या पॅडला लावली तर फिनिशिंगच्या वेळी कटिंगचे पॅड हातात येईल. म्हणून पाकिटावरचे काम वाचा आणि फोम चिमटीत दाबा. लगेच उसळून वर येणारा कडक फोम ओरखडे कापतो, मध्यम फोम रेषा घालवून चमक आणतो, बोट रुतेल असा मऊ फोम शेवटच्या हातासाठी आणि मेण लावण्यासाठी.

जाडीही महत्त्वाची आहे. डीएवर पातळ पॅड चांगले, कारण जाड फोम मशीनचे डोलणे स्वतःतच जिरवतो आणि तापतो. रोटरीवर थोडे जाड पॅड घ्या. वळणांवर ते दाब सांभाळून घेते. पृष्ठभागावरच्या खाचा किंवा खड्डे यांच्यामागे फार लागू नका, आधी माप आणि कडकपणा जुळू द्या.

५. पुरेसे पॅड घ्या

एकाच पॅडवर अख्खी गाडी करू नका. कंपाऊंड आणि निघालेला रंग फोममध्ये भरला की ते कापत नाही, नुसते तापते. लहान गाडीसाठी मध्यम तीन, मऊ दोन, कडक एक, आणि लहान मापाची दोन असली की काम सुखाने होते. प्रत्येक पत्र्यानंतर मशीन बंद करून नायलॉनच्या ब्रशने पॅड झाडा.

६. लावा आणि तपासा

प्लग काढूनच पॅड बसवा आणि ते अगदी मध्यावर आहे ना, ते चारी बाजूंनी पाहा. डीए असेल तर प्लेटच्या पाठीवर मार्करने एक रेघ ओढा. काम करताना रेघ फिरताना दिसली म्हणजे पॅड फिरते आहे. रेघ एका जागी थरथरत राहिली तर दाब कमी करा.

गाडी सावलीत आणि पत्रा थंड हवा. विदर्भातल्या एप्रिलच्या दुपारी उघड्यावर हे काम करूच नका. बॉनेटवर हातभर चौकोन घेऊन मध्यम पॅड आणि बारीक पॉलिशने सुरुवात करा. रेषा गेल्या तर संपूर्ण गाडी त्याच जोडीने करा. नाही गेल्या तरच कडक पॅड काढा. पत्र्याच्या धारा आणि प्लॅस्टिकचे बंपर यांवर हात हलका ठेवा: धारेवर रंग पातळ असतो, आणि प्लॅस्टिक उष्णता पसरवत नाही.

७. धुणे आणि बदलणे

काम संपल्यावर पॅड काढताना फोम ओढू नका, वेल्क्रोच्या कडेखाली बोटे घालून सोडवा. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवा, दाबून पाणी काढा (पिळू नका) आणि वेल्क्रो वर ठेवून सावलीत वाळवा, म्हणजे पाणी गोंदात साचत नाही. फोम वेल्क्रोपासून सुटू लागला, कडा तुटल्या किंवा वाळल्यावरही कडक गाठी लागल्या तर ते पॅड रंगावर वापरू नका, चाकांना चालेल. प्लेटच्या मधले आकडे वितळून गुळगुळीत झाले असतील तर नवे पॅड लावण्याआधी प्लेट बदला.