डिस्क बूट होईना, तेव्हा

माझी पहिली नोकरी पुण्यात, शिवाजीनगरातल्या एका छोट्या ऑफिसात. पहिल्याच महिन्यात सरांनी काम दिलं. एका लॅबमधल्या ४० मशिनवर सेंटओएस ७ (लिनक्सचा एक प्रकार) टाकायचं, पण प्रत्येक मशिनपुढे बसून तीच तीच उत्तरं द्यायची नाहीत. "आपली डिस्क बनव, उत्तरं तिच्यातच घाल."

सोपं वाटलं. मूळ आयएसओतल्या (म्हणजे अख्ख्या डिस्कची नक्कल असलेल्या एकाच फाइलीतल्या) सगळ्या फायली एका फोल्डरमध्ये काढल्या, किकस्टार्टची फाइल (इन्स्टॉलरच्या प्रश्नांची तयार उत्तरं) टाकली आणि साध्या बर्निंग सॉफ्टवेअरने डीव्हीडी राइट केली. फायली सगळ्या दिसत होत्या. मशिन मात्र डिस्ककडे ढुंकूनही न पाहता हार्डडिस्कवरून सुरू! तपकीर गल्लीतून दहा कोऱ्या डीव्हीडी आणल्या होत्या, त्यातल्या चार त्या दिवशी गेल्या.

सदाशिव पेठेत पत्ता विचारला की माणूस फक्त पुढचं वळण सांगतो, "तिथे जाऊन विचारा" म्हणतो. डिस्कचं बूट होणं, म्हणजे तिच्यावरून मशिन सुरू होणं, अगदी तसंच चालतं. डिस्कचे सेक्टर, म्हणजे कप्पे, २०४८ बाइटचे. ० ते १५ रिकामे ठेवलेले, १६व्यात डिस्कची ओळख, आणि १७व्यात बूटची नोंद. ही रीत 'एल टोरिटो' नावाची. फिनिक्स आणि आयबीएम यांनी ती १९९५ साली ठरवली. १७वा सेक्टर सांगतो की बूट कॅटलॉग कुठे आहे. कॅटलॉग सांगतो की कोणत्या सेक्टरपासून किती वाचायचं. बायोसला (मशिन चालू होताच आधी धावणाऱ्या प्रोग्रॅमला) फाइलचं नाव कळत नाही, तो आकडे वाचतो आणि आयसोलिनक्स या बूट प्रोग्रॅमचे पहिले २०४८ बाइट मेमरीत चढवून त्याच्या हातात कारभार देतो. बाकीचं आयसोलिनक्स स्वतः वाचून घेतं, मेनू दाखवतं, कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि इनिटआरडी (सुरुवातीपुरती छोटी फाइलव्यवस्था) चढवतं. मी फायली कॉपी केल्या होत्या. १७व्या सेक्टरातली नोंद ही फाइल नसतेच, मग ती येणार कुठून? आयएसओ बांधतानाच बूट फाइल आणि कॅटलॉग कुठे हे सांगावं लागतं.

ते सांगितलं, मेनू आला, मी सरांना हाक मारली. जरा घाईच केली. कर्नल चढला आणि पडद्यावर 'ड्राकट इनिटक्यू टाइमआउट'च्या ओळींची रांग लागली. ड्राकट म्हणजे इनिटआरडीतून चालणारा, पुढची डिस्क शोधणारा भाग. दोनेक चहा झाल्यावर ड्राकटचा प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची ओळ. मी किकस्टार्टवर संशय घेऊन आणखी दोन डीव्हीडी फुकट घालवल्या.

चूक भलतीकडेच होती. कर्नल चालू झाला की बायोसने दाखवलेली वाट संपते. त्याला डिस्क नव्याने शोधावी लागते, आणि सेंटओएस ती लेबलवरून, म्हणजे डिस्कला दिलेल्या नावावरून, शोधतं. मी आयएसओला हौसेने 'लॅब४०' असं लेबल दिलं होतं. मेनूच्या फाइलमध्ये इन्स्टॉलरचा पुढचा भाग कुठल्या डिस्कवर आहे ते सांगणाऱ्या stage2 च्या ओळीत मात्र जुनंच 'CentOS 7 x86_64' होतं. सरांनी त्याच प्रॉम्प्टवर डिस्कांची लेबलं दाखवणारी 'blkid' ही आज्ञा चालवून दाखवली: डिस्क समोर होती, नाव वेगळं. आणि एक खोच: लेबलमध्ये मोकळी जागा असेल तर त्या ओळीत ती उलटी तिरकी रेघ, एक्स आणि २० अशी (\x20) लिहायची. सरळ लिहिली की पुन्हा तोच टाइमआउट. म्हणून लेबलात मोकळी जागा ठेवूच नका.

नवीन लोकांना मी सांगतो, आधी शेवटचा संदेश वाचा. मेनूच नाही, तर १७व्या सेक्टरातली नोंद बघा. मेनू येऊन पुढे ड्राकटवर अडलं, तर लेबल बघा. किकस्टार्टचा नंबर त्यानंतर.

सेंटओएस ७ चा सपोर्ट २०२४ च्या जूनमध्ये संपला, पण त्याच्या जागी आलेल्या रॉकी आणि अल्मा या लिनक्सांवर लेबलचं हे दुखणं तसंच आहे. यूईएफआय (बायोसच्या जागी आलेली नवी पद्धत) असलेल्या मशिनवर वाट वेगळी: कॅटलॉगमध्ये दुसरी नोंद, तिथे फॅट पद्धतीची छोटी डिस्क-इमेज, तिच्यात ग्रब हा दुसरा बूट प्रोग्रॅम, आणि ग्रबची मेनूफाइल निराळी. लेबल दोन्ही मेनूफायलींत बदलावं लागतं. मी एकीकडेच बदललं होतं, म्हणून लॅबमधली नवी मशिनं तेवढी अडून बसली. आता मी डीव्हीडी जाळण्याआधी व्हर्च्युअल मशिनमध्ये आयएसओ दोनदा बूट करतो, एकदा बायोसवर, एकदा यूईएफआयवर. पेनड्राइव्ह करायचा असेल तर मूळ रिकाम्या १६ सेक्टरांचा उपयोग होतो: आयसोहायब्रिड नावाचं साधन त्यात पहिल्याच जागी एमबीआर (पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्कवरून बूट होण्यासाठी लागणारी सुरुवातीची नोंद) बसवतं.